डाव्या अंगाची खिडकी

मी डिंगोऱ्याच्या कुंडलिकरावांची दुर्बीण. बोलायला माझी हरकत नाही, पण आधी तुम्ही सांगा, तुम्हाला माझ्याकडे कुणी पाठवलं? रागावू नका. इतक्या वर्षांत माझ्यावर जे जे डोळे टेकले ते बहुतेक संशयाचे होते. त्यांची सवय मलाही लागली आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. भिंगं बसवायच्या आधीचं कुणाला काय आठवणार? भिंगं बसली, तपासणाऱ्यानं मला समोरच्या भिंतीवर रोखलं, आणि मी पहिल्यांदा जग पाहिलं ते म्हणजे भिंतीला गेलेली एक भेग. तो माणूस म्हणाला, "चालेल." तेव्हापासून माझ्या वाट्याला भेगाच आल्या.

माझे पहिले मालक सावळेराम. वनखात्यात वनरक्षक होते. उसातून बिबट्या निघाला की गावकरी त्यांना बोलावत आणि ते मला गळ्यात अडकवून बांधावर उभे राहत. बिबट्या क्वचितच दिसे. दिसत ती उसाची हलणारी पानं, आणि प्रत्येक पानामागं तो दडलाय असं त्यांना वाटे. नोकरी संपली, पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस त्यांनी मला आपल्या दोस्ताच्या, कुंडलिकरावांच्या हातात दिलं. म्हणाले, "घे राव. रानात जाताना बरं असतं. जनावर लांबनंच कळतं."

कुंडलिकराव जनावरं बघण्यासाठी मला घेऊन गेले खरे, पण त्यांनी पाहिली ती माणसंच. सकाळी चहा झाला की ते गच्चीवर चढत. कुणाची मोटर चालू आहे, एसटीतून कोण उतरलं, कुणाच्या दारात नवी गाडी उभी आहे, सगळं माझ्यातून जायचं. माणूस मनाचा वाईट नव्हता. कष्टाळू होता, दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नव्हता. फक्त कुणी हसून बोललं की हा का हसला, याचा विचार त्यांना दिवसभर पुरायचा.

साळुबाई, त्यांची बायको, खालून ओरडायची, "अवो, लोकांच्या चुलीत काय बघताय? खाली या, भाकरी निवली."

त्यांच्या रानाच्या कडेनं एक ओढा जातो. डोंगरातून निघतो, आधी वरच्या वाडीत हौशीरामच्या रानातून येतो आणि मग कुंडलिकरावांच्या. हौशीराम म्हणजे साळुबाईचा पाठचा भाऊ. हा ओढा होळीपर्यंत वाहायचा. गेल्या वर्षी मात्र दसरा झाला आणि त्याचं पाणी बारीक होत होत थांबलं. गोटे उघडे पडले. कांद्याचं रोप टाकून झालेलं, आणि विहिरीनंही तळ दाखवला.

"मेव्हण्यानं पाणी अडवलं," कुंडलिकराव म्हणाले.

"हौशा असं करायचा न्हाई," साळुबाई म्हणाली.

"मग पाणी काय आभाळात गेलं?"

"जाऊन इचारा की त्याला."

"इचारल्यावर चोर खरं बोलतो व्हय?"

गच्चीवरून त्यांनी मला कितीदा तरी त्या दिशेला रोखलं. पण हौशीरामचं रान डोंगराच्या एका सोंडेआड आहे. सोंड दिसायची, त्यापलीकडचं काही नाही. जे दिसत नाही तिथं माणूस काय वाटेल ते उभं करतो. कुंडलिकरावांनी तिथं एक मोठं तळं उभं केलं, त्याला बांध घातला, त्यावर मोटर बसवली.

दिवाळी आली. भाऊबीजेला साळुबाई ताट करून बसली, पण हौशीराम आलाच नाही. ती माहेरी जायला निघाली तर कुंडलिकराव दारात उभे राहिले. "बघ. मनात पाप हाय म्हणून तोंड लपवतोय. आन तू जातीस ओवाळायला?" साळुबाईनं ताट झाकून ठेवलं.

नेमकी याच सुमाराला दिल्लीहून खबर आली. त्यांची मुलगी अक्षदा तिकडं नोकरीला आहे. तिला मुलगी झाली होती आणि बारशाला आईवडील हवे होते. मुलगा सूरज चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आण्णा, इमानानं जा. पुण्यातनं बसलात की दोन तासांत दिल्ली."

"इमान नको. आगगाडी बरी. ती जमिनीवर तरी असती," कुंडलिकराव म्हणाले. आणि बोलता बोलता थांबले. रोज सकाळी गच्चीवरून त्यांना एक विमान दिसायचं. पुण्याकडून यायचं आणि आळेफाट्याच्या अंगानं उत्तरेला जायचं. मीच तर दाखवलं होतं.

"सूरज," त्यांनी हळूच विचारलं, "त्या इमानातनं आपलं रान दिसत असंल का रं?"

"दिसंल की. खिडकी मिळाली तर."

मग खिडकीचा शोध सुरू झाला. सूरजला वाटलं, म्हाताऱ्याला डोंगरदऱ्या बघायची हौस आली. मला खरं कारण माहीत होतं.

कुंडलिकरावांनी अंगणात कोळशानं रेघ ओढली. खाली पुणं, वर दिल्ली. आळेफाटा रेघेवर आणि डिंगोरं तिच्या डाव्या हाताला. "म्हंजे डाव्या अंगाची खिडकी पायजे. आन सकाळचंच इमान. सूर्व्या उजवीकडं ऱ्हाईल, डोळ्यांवर येणार न्हाई. दुपारचं घेतलंस तर नुसतं चकाकंल."

सूरजनं मोबाइलवर विमानाच्या आसनांचा नकाशा काढला. बारीक बारीक चौकोन. काही रंगीत, काही करडे.

"हे करडे का?"

"ते गेलेत, आण्णा. लोकांनी घेतलेत."

"आपल्या आधी? त्यांना काय बघायचंय तिथनं?"

"अवो, त्यांना झोपायला भिंत लागती."

"खिडकी घेऊन झोपतात?" कुंडलिकरावांना हे काही पटलं नाही. "मधी पंख कुठं येतो ते दाखव. पंखावर बसलो तर खाली काय दिसणार, पत्रा?"

सूरजनं दाखवलं. पंखाच्या पुढची डावीकडची एक जागा रिकामी होती. तो बोट टेकवणार तेवढ्यात थांबला. "पण आण्णा, एक हाय. काही खिडकीच्या शिटांना म्हणं खिडकीच नसती. नुसती भिंत."

"खिडकीची शीट आन खिडकी न्हाई?" कुंडलिकराव खाटेवरून उठले. "बघ, म्हणलं व्हतं ना! फशिवत्यात. आधी खात्री कर, मग बोट लाव."

सूरजनं मित्राला फोन लावून खात्री केली. खिडकी होती. साळुबाईला शेजारची, मधली जागा मिळाली. तिला कुणी विचारलंच नाही.

विमानतळावर माझीच चौकशी झाली. गणवेशातल्या जवानानं मला पिशवीतून बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ये किसलिए?"

"डोंगर देखनेका है," कुंडलिकराव म्हणाले.

जवानानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी जवानाकडे. दोघांच्याही नजरा अगदी सारख्या होत्या. शेवटी त्यानं मला डोळ्याला लावून लांबच्या एका खांबाकडे पाहिलं आणि परत दिलं. मी उगाच घाबरले होते.

विमान उडालं ते भलतीकडेच तोंड करून. "हा उलटा कुठं निघाला?" कुंडलिकराव कुरकुरले. साळुबाईनं डोळे गच्च मिटून त्यांचा दंड धरला होता. मग विमान कलंडलं, वळलं आणि उत्तरेला लागलं. खाली चाकणच्या कारखान्यांचे पत्रे, मग नदीची वळणं, मग लांब डावीकडे एकामागं एक धरणं. शिवनेरीचा किल्ला एवढासा दिसला, तळहातावर मावेल असा. पलीकडे पिंपळगाव जोग्याचं धरण उजळलं. कुंडलिकरावांनी मला काचेला टेकवलं. विमान थरथरत होतं, म्हणून माझ्यातलं सगळं जगही थरथरत होतं. त्यांनी आधी हमरस्ता पकडला, मग ओढ्याची वाकडी रेघ, आणि तिच्यावरून वर वर चढत ते सोंडेच्या मागं गेले.

तिथं काहीतरी चकाकलं. लांबट, पांढरं, लख्ख.

"तळं! साळू, तळं केलंय तुझ्या भावानं! ऊठ, बघ!"

साळुबाईनं डोळे उघडेपर्यंत ढगाचा एक तुकडा आडवा आला होता.

आता इथं एक गोष्ट नीट ऐका. मी दाखवला तो एक चकाकता पट्टा. 'तळं' हा शब्द कुंडलिकरावांचा होता. माणसं माझ्यातून बघतात आणि मग माझ्याच नावानं शपथा घेतात.

दिल्लीत बारसं झालं. नातीचं नाव समृद्धी ठेवलं. कुंडलिकरावांनी तिला मांडीवर घेतलं, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. ते बाल्कनीत उभे राहून सूरजला फोन करत. "तहसीलला अर्ज द्यायचाय. म्या डोळ्यांनी बघितलंय. गावात बोलू नको." एका सकाळी त्यांनी मला समोरच्या इमारतीवर रोखलं, तेव्हा अक्षदा चिडली. "आण्णा, इथं लोक पोलिसांना बोलावतील. ठेवा ती आत."

आत गेल्यावर साळुबाई म्हणाली, "अर्ज दिला तर माझं म्हायेर तुटंल."

"पाणी त्यानं तोडलं, म्हायेर म्या तोडतो व्हय?"

"तुमी तळं बघितलं, हौशाला कुठं बघितलंय? इतक्या दिसांत एकदा तरी त्याच्या दारात गेलाय?"

कुंडलिकराव बॅग भरायला उठले. येतानाचंही तिकीट सकाळचंच होतं, आणि खिडकी या खेपेला उजव्या अंगाची, कारण आता तोंड दक्षिणेला. त्यांना पुन्हा एकदा तळं बघायचं होतं, अर्ज करण्याआधी पक्कं करायला. पण विमानात शिरल्यावर साळुबाई त्यांच्या आधी आत सरकली आणि खिडकीशी जाऊन बसली.

"अगं, ती माझी जागा."

"जाताना तुमी बसला. आता म्या बसते. भ्या वाटलं तर वाटलं."

मागं माणसं खोळंबली होती, म्हणून कुंडलिकराव मधल्या जागेवर बसले. हिला खिडकी कशाला हवी, काय लपवायचंय हिला, असं त्यांच्या मनात आलं असणार. मला नाही वाटत मी चुकत असेन, त्या मनातला प्रत्येक कोपरा मला पाठ होता. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिनं मला डोळ्याला लावलं नाही, मांडीवर ठेवलं आणि नुसती बाहेर बघत राहिली.

डोंगर जवळ आले. परतताना विमान बरंच खाली आलेलं असतं, त्यामुळं सगळं मोठं दिसत होतं. साळुबाई एकदम पुढं वाकली.

"अवो, आमच्या डोंगराला काय झालंय?"

"काय झालंय?"

"कड्याखाली लाल लाल दिसतंय. माती उघडी पडलीय. दरड आलीय! आन पलीकडच्या अंगाला बघा, किती हिरवं. तिथं कधी हिरवं नसतं दिवाळीनंतर. म्या ढोरं राखलीत तिथं."

"तळं दिसतंय का ते सांग."

साळुबाईनं कपाळ काचेला टेकवलं. "चकाकतंय खरं. पण अवो, त्याला सऱ्या हायेत. पाणी कधी सऱ्या पाडून ऱ्हातं का?"

कुंडलिकरावांनी मला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून रोखलं. खरंच सऱ्या होत्या, सरळ, एकसारख्या. टोमॅटोसाठी वाफ्यांवर अंथरतात तो चंदेरी मल्चिंगचा कागद होता तो. कुंडलिकरावांच्या स्वतःच्या रानातही गेल्या सालापर्यंत तोच असायचा.

त्यांनी माझं भिंग बाहीनं पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "कागद वर असंल, आन पाणी खाली."

साळुबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मला गुपचूप पिशवीत घातलं.

गावात उतरल्यावर साळुबाई घरी गेलीच नाही. तशीच वरच्या वाडीची वाट धरली, आणि पिशवी सांभाळत कुंडलिकराव मागं. हौशीराम ओट्यावर बसला होता. बहिणीला पाहून तो उठला, पण पुढं झाला नाही.

"या दाजी. इमानातनं माझं रान बघाया गेलता म्हणं? सूरज बोलला."

"रान बघितलं. पाणी कुठं ठेवलंयस ते बघायचं ऱ्हायलं."

"पाणी?" हौशीराम हसला, पण ते हसणं कडू होतं. "दाजी, तुमी खाली नवी बोअर मारली आन माझा झरा आटला. कागद अंथरून बसलोय, रोपाला घोटभर पाणी न्हाई. म्हणून तर भाऊबीजेला आलो न्हाई. म्हणलं, ज्यानं पाणी वढलं त्याच्या ताटात कसं जेवू?"

"म्या बोअर मारली? कुणी सांगितलं?"

"तुमच्या रानात मशिनीची गाडी उभी व्हती."

"ती हीर खोल करायला इचारायला आलती! परत गेली!"

साळुबाई मधल्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. नंतर कळलं, ती हसतही होती.

दुसऱ्या दिवशी तिघंही ती दरड बघायला डोंगर चढले. बिबट्याच्या भीतीनं तिकडं गुरं नेणं बंद झालं होतं, त्यामुळं पावसाळ्यानंतर कुणी वर फिरकलंच नव्हतं. कड्याखाली पोहोचलो तर साळुबाई म्हणाली तसंच. अख्खा उतार घसरून ओढ्याच्या तोंडात बसला होता. मोठमोठे धोंडे आणि लाल माती. अडलेलं पाणी खिंडीतून पलीकडच्या अंगाला उतरलं होतं.

कुंडलिकरावांनी लगेच मला पलीकडं रोखलं. खाली डोंगरातल्या वस्तीतलं एक घर, भाताची खाचरं आणि त्यांच्यामधून खळाळत जाणारा ओढा.

"हे कुणाचं हाय?"

"धर्माजीचं," हौशीराम म्हणाला. मग डोळे बारीक करून, "दाजी, दरड निमित्त. पहारीनं खिंड त्यानंच फोडली असंल."

"मलाबी तसंच वाटतंय," कुंडलिकराव म्हणाले. कालपर्यंत एकमेकांचे वैरी, आज एका दुर्बिणीत गाल घासून बघत होते.

साळुबाई खडकावरून उठली. "इथनं काय दिसणार हाय? चला खाली." आणि उतरायला लागली.

धर्माजी बांधावर कोयता घेऊन उभा होता. डोंगरावरून कुणीतरी काहीतरी रोखून बघतंय हे त्याला केव्हाच दिसलं होतं. हे जवळ गेले तसा तो गरजला, "आलात का? बघायला आलात माझं वाटोळं?"

"आमचं पाणी..." कुंडलिकराव सुरू झाले.

"तुमचंच हाय ना? मग घेऊन जा की! पावसात तुमी खालच्या बागायतदारांनी पाणी माझ्यावर सोडलं, तुमची तंबाटी बुडू नये म्हणून. दोन खाचरांचे बांध वाहून गेले. अजून रोज माती चाललीय. कुणाकडं जाऊ म्या?"

त्याची बायको बायडाबाई दारातून बघत होती. नवऱ्याचा कोयता, या दोघांची तोंडं आणि दमलेली साळुबाई, एवढं पाहून ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. "आधी पाणी प्या पावणं. मग भांडा."

कुंडलिकराव पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवून त्यांनी वाहून गेलेल्या बांधाकडं पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी, माझ्याशिवाय. तिथं दगड उघडे पडले होते आणि भाताची खुंटं मुळांसकट लोंबत होती. मग ते वाकून त्या मातीत हात घालून बसले. शेतकऱ्याला वाहून गेलेली माती समजावून सांगावी लागत नाही.

"धर्माजी," ते म्हणाले, "कुणी सोडलं न्हाई रं. डोंगर खचलाय. चल, दाखवतो. पहार हाय का घरात?"

पुढचे काही दिवस त्या खिंडीवर तिन्ही घरची माणसं राबली. सूरजही सुट्टी घेऊन आला. सगळं पाणी परत न्यायचं नाही असं ठरलं, कारण थोडं पाणी धर्माजीलाही हवंच होतं, नुसता लोंढा नको होता. धोंडे उकरून जुनं तोंड मोकळं केलं, खिंडीत दगडांची आडवण रचली. पाणी फुटलं, काही इकडं, काही तिकडं. खालून हौशीरामच्या पोरानं आरोळी दिली, "आलं! आलं!" साळुबाई पाण्याच्या मागं मागं उतरत गेली, चपला हातात घेऊन, थेट माहेरच्या बांधापर्यंत.

आणि मी? काम करताना अडचण होते म्हणून कुंडलिकरावांनी मला गळ्यातून काढून एका खडकावर ठेवलं होतं. सगळे उतरले, मी तिथंच राहिले. मला बायडाबाईनं उचललं. धर्माजीनं निरोप पाठवला, "तुमची वस्तू ऱ्हायलीय, घेऊन जा." निरोप पोहोचला हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यानंतर कुंडलिकराव दोनदा या घरी येऊन जेवून गेले. मी समोर खुंटीला लटकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पानातल्या नाचणीच्या भाकरीचं कौतुक करत राहिले.

आता माझ्या एका भिंगात बुरशी धरली आहे. या घरात मला कुणी डोळ्याला लावत नाही. ज्याला काही विचारायचं असतं तो उठून चालत जातो आणि विचारतो. बायडाबाई माझ्या पट्ट्याला लसणाची जुडी अडकवते. मला राग येत नाही.

एवढंच एक कोडं आहे. तुम्ही डिंगोऱ्याला जाणारच असाल तर कुंडलिकरावांना एकदा समोर बसवून विचारा. त्या दिवशी खडकावर ते मला विसरले, की ठेवून गेले? मला तर दाट संशय आहे.